वाचाघात झाल्यावर कोणती स्पीच थेरपी घ्यायची? घरच्यांसाठी अगदी सुरुवातीपासून

पक्षाघाताचा झटका येऊन जातो, जीव वाचतो, डिस्चार्ज मिळतो. फाइलमध्ये कुठेतरी 'अफेझिया', म्हणजेच वाचाघात, असं लिहिलेलं असतं आणि खाली एक ओळ, 'स्पीच थेरपी सुरू करा'. कोणती, किती, कोणाकडे, यातलं काहीच तिथे नसतं. मग घरचे मोबाइलवर शोधायला बसतात आणि मेलडिक इंटोनेशन, कन्स्ट्रेंट इंड्यूस्ड, स्क्रिप्ट ट्रेनिंग अशी नावं एकामागून एक समोर येतात. माझ्याकडे येणारे बहुतेक जण पहिला प्रश्न हाच विचारतात, "मॅडम, यातली सगळ्यात चांगली कोणती?"

नावावरून थेरपी निवडू नका, हे माझं उत्तर. ती दोन गोष्टींवरून ठरते. भाषा नेमकी कुठे अडली आहे, ही एक. या माणसाला त्याच्या रोजच्या दिवसात काय बोलावं लागतं, ही दुसरी. या दोन गोष्टी कागदावर आल्या की नावांचा गोंधळ बराचसा आपोआप सुटतो.

आधी हा वाचाघातच आहे ना?

वाचाघातात घाव भाषेवर असतो. जीभ आणि ओठ ठणठणीत असूनही शब्द सापडत नाही, ऐकलेलं उलगडत नाही, वाचता-लिहिता येत नाही, कारण मेंदूचा भाषा सांभाळणारा भाग दुखावलेला असतो. बहुतेकांच्या बाबतीत हा भाग डावीकडे असतो, म्हणून उजवा हात-पाय लुळा पडलेल्यांमध्ये वाचाघात जास्त दिसतो. पक्षाघात झालेल्या साधारण तीनांपैकी एकाला तो होतो. माणूस मात्र तोच असतो. त्याची नाती, आवडीनिवडी, व्यवहाराची समज, मानापमान, सगळं जागेवर असतं.

याच्यासोबत किंवा याच्याऐवजी आणखी दोन अडचणी असू शकतात. डिसार्थ्रियात शब्द आणि वाक्य बरोबर असतं, पण स्नायू कमजोर झाल्यामुळे उच्चार जड, लडबडलेला येतो. वाचेच्या ॲप्रॅक्सियात शब्द डोक्यात तयार असतो, पण ओठ-जिभेच्या हालचालींची आखणी जमत नाही. माणूस चाचपडत राहतो आणि तोच शब्द दर वेळी वेगळ्या तऱ्हेने चुकतो. या तिन्हींचे उपचार वेगळे आहेत, म्हणून कोणती अडचण किती आहे हे थेरपिस्टकडून सुरुवातीलाच स्पष्ट करून घ्या.

नुसता वाचाघात असेल तर जिभेचे व्यायाम, फुगे फुगवणं, गालांना विजेचे झटके देणारं यंत्र यांनी शब्द परत येत नाहीत. आपल्याकडे जिभेवर वेखंड किंवा अक्कलकारा चोळायची पद्धत आहे. घरातली वडीलधारी मंडळी मायेपोटी सुचवतात, हे मला माहीत आहे. पण पक्षाघातानंतर अनेकांना गिळायलाही त्रास असतो आणि तोंडात घातलेलं श्वासनलिकेत जाऊ शकतं. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडात काहीही घालू नका.

झटका आलेलाच नाही, पण वर्ष-दोन वर्षांत हळूहळू शब्द हरवत चालले आहेत, असं असेल तर पुढचं वाचण्याआधी न्यूरोलॉजिस्टना दाखवा. तो वेगळा आजार असू शकतो आणि त्याची दिशाही वेगळी असते.

आणखी एक साधं काम: चष्मा, कवळी, कानाचं यंत्र घरी आहे ना, आणि वापरात आहे ना? काहींना झटक्यानंतर उजव्या बाजूचं दिसत नाही. उजवीकडे धरलेलं चित्र त्यांना ओळखता आलं नाही, तर दोष भाषेचा नसतो. चित्र डावीकडे धरून पाहा.

अडलंय कुठे?

नेमकी चाचणी थेरपिस्ट करतील. पण घरी केलेलं निरीक्षण त्यांना फार उपयोगी पडतं. चार गोष्टी पाहा: ऐकलेलं किती समजतं, बोलणं ओघवतं आहे की एकेक शब्द अडखळत येतो, आपण म्हटलेलं मागून म्हणता येतं का, आणि वाचणं-लिहिणं किती उरलं आहे.

पहिल्या गोष्टीत सगळ्यात जास्त फसगत होते. "त्यांना सगळं समजतं, फक्त बोलता येत नाही," असं जवळजवळ प्रत्येक घर सांगतं. पण ताट वाढून, हाताने खूण करून "जेवायला चला" म्हटलं, तर शब्द न कळताही माणूस उठून येईल. म्हणून हात मांडीवर ठेवा, नजर स्थिर ठेवा आणि सांगा, "खिडकी दाखवा." मग थोडं अवघड, "किल्ली रुमालाखाली ठेवा." नंतर जोडीचे प्रश्न. राहायला पुण्यात असाल तर "आपण पुण्यात राहतो का?" आणि थोड्या वेळाने "आपण नागपुरात राहतो का?" दोन्हींना मान 'हो' अशीच हलली, तर त्यांच्या 'हो'वर सध्या भरवसा ठेवता येत नाही. औषध घेतलं का, दुखतंय का, अशा प्रश्नांची उत्तरं मग दुसऱ्या मार्गाने पडताळावी लागतात.

समज बरी, पण बोलणं तुटक, कष्टाने येणारं असेल तर त्याला ब्रोका प्रकार म्हणतात. पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये ज्या रुग्णावरून हा भाग दाखवून दिला, त्याला 'तां' एवढंच म्हणता येत असे. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी याच्या उलटं चित्र मांडलं: बोलणं भराभर आणि लयीत, पण शब्द चुकीचे किंवा निरर्थक, समजही कमी, आणि आपलं चुकतंय याची जाणीव पुष्कळदा नसते. सगळंच बंद पडलं असेल तर ग्लोबल. बाकी सगळं ठीक, फक्त नेमका शब्द आठवत नाही, तो अनॉमिक. हे शिक्के कायमचे नसतात. सुरुवातीचा ग्लोबल वाचाघात काही महिन्यांत ब्रोकासारखा होऊ शकतो आणि मग थेरपीही बदलते.

तपासणी कोणत्या भाषेत झाली, हे जरूर विचारा. परदेशात तयार झालेल्या चाचण्या नुसत्या भाषांतर करून वापरल्या की चित्र चुकीचं दिसतं. बोस्टन नेमिंग टेस्ट ही नामांकित चाचणी ६० चित्रांची आहे आणि त्यात इग्लू, हार्प, प्रेट्झेल यांची चित्रं आहेत. साताऱ्याच्या आजींना हार्पचं नाव आलं नाही, यावरून त्यांच्या वाचाघाताबद्दल काहीही कळत नाही. त्यांना लाटणं, विळी, कंदील दाखवायला हवा.

कोणते शब्द परत हवेत?

थेरपी निवडण्याआधी ही यादी करा आणि ती जमेल तितकी त्यांच्यासोबत बसून करा. नातवंडांची नावं, औषधं, गावाचं नाव, देवाचं नाव, भाजीवाल्याकडचे शब्द, फोनवर बोलायचं दोन ओळींचं. ज्यांनी चाळीस वर्षं बँकेत काढली त्यांची यादी वेगळी आणि ज्यांची द्राक्षबाग आहे त्यांची वेगळी.

इतकं सांगण्याला कारण आहे. ज्या शब्दांचा सराव होतो, ते शब्द सुधारतात. सराव न केलेल्या शब्दांपर्यंत तो फायदा फार थोडा पोचतो. ब्रिटनमध्ये २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बिग कॅक्टस' या मोठ्या अभ्यासात रुग्णांनी स्वतःच्या निवडीचे १०० शब्द घेऊन घरी संगणकावर सराव केला. ते शब्द सांगण्यात स्पष्ट सुधारणा झाली, पण रोजच्या गप्पांमध्ये तेवढा फरक दिसला नाही. यातून मी दोन गोष्टी घेते. शब्द कामाचेच निवडा, आणि शब्दांच्या सरावासोबत संभाषणाचा सराव वेगळा करा.

या ठिकाणी एक विनंती. अंकलिपी किंवा बालवाडीचे तक्ते आणू नका. 'अ अननसाचा'पासून सुरुवात केली की भाषा पुन्हा उगवत नाही. ती आत आहे, तिच्यापर्यंत जायची वाट अडली आहे. साठ वर्षांच्या माणसासमोर बदकाचं चित्र धरलं की त्याला जे वाटतं, ते त्याला सांगताही येत नाही.

मग थेरपी कोणती?

*शब्द सापडत नसेल तर.* इथे सिमँटिक फीचर ॲनालिसिस ही पद्धत बहुतेकांना चालते आणि घरीही करता येते. मधोमध वस्तूचं चित्र ठेवायचं आणि भोवती तिचे गुण काढायचे. समजा गाळणी आहे. ही कुठल्या वस्तूंपैकी? स्वयंपाकघरातली. हिने काय करतात? चहा गाळतात. दिसते कशी? गोल, जाळीची, दांडा असलेली. असते कुठे? ओट्यावर, खिळ्याला. हिच्यावरून आणखी काय आठवतं? चोथा, कप, दूध. असं फिरता फिरता शब्द तोंडात येतो. नाही आला, तर आपण सांगायचा, त्यांनी मागून म्हणायचा आणि पुढच्या चित्राकडे जायचं. फायदा असा की शब्द अडला तर "ते... चहाचं... जाळीचं" असं सांगून वेळ निभावण्याची सवयही यातून लागते.

शब्द सुचवण्याचाही क्रम ठेवा. आधी दहा-एक सेकंद गप्प राहून वाट पाहा. घरच्यांना हेच सगळ्यात जड जातं. मग वर्णन, मग अपुरं वाक्य ("चहा गाळायची..."), मग पहिलं अक्षर कागदावर लिहून, मग तोंडाने पहिला आवाज, आणि शेवटी पूर्ण शब्द. कोणत्या पायरीवर शब्द आला, याची वहीत खूण करा. आधी पूर्ण शब्द सांगावा लागायचा आणि आता पहिल्या अक्षरावर भागतंय, ही मोठी प्रगती आहे.

*शब्द येतात, पण वाक्य होत नसेल तर.* क्रियापद धरून काम करा. व्हर्ब नेटवर्क स्ट्रेंथनिंग ट्रीटमेंट या पद्धतीत एक क्रियापद मधोमध लिहितात, समजा 'विकणे'. कोण विकतं, काय विकतं? भाजीवाली मेथी विकते. शेतकरी कांदा विकतो. दलाल जमीन विकतो. तीन-चार जोड्या झाल्या की मोठ्याने वाचायच्या आणि एक जोडी निवडून वाढवायची: कुठे, कधी, का? क्रियापद आलं की त्याच्याबरोबर आजूबाजूचे शब्दही ओढले जातात.

मराठीत एक अडचण आपली आपण ओळखायला हवी. 'हवा, हवी, हवं' हे वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलतं: चहा हवा, पोळी हवी, पाणी हवं. ज्याला वाक्य जुळवणंच कष्टाचं आहे, त्याच्यावर हा आणखी एक भार. 'पाहिजे' मात्र तिन्हींना तेच राहतं. म्हणून सुरुवातीला 'मला चहा पाहिजे, मला पोळी पाहिजे, मला पाणी पाहिजे' हाच साचा घ्या. घरातला पुरुष 'मी जाते' म्हणाला किंवा बाई 'मी आलो' म्हणाली, तर हसू नका आणि प्रत्येक वेळी थांबवून दुरुस्तही करू नका. अर्थ पोचला असेल तर बोलणं पुढे जाऊ द्या, आणि आपल्या उत्तरात बरोबर रूप सहज वापरा.

*समज बरी, पण तोंडातून शब्दच फुटत नसेल तर.* मेलडिक इंटोनेशन थेरपी १९७३ पासून माहीत आहे. डाव्या मेंदूला इजा, समज चांगली, बोलणं फार तुटक, मागून म्हणणंही जमत नाही, पण गाण्यात शब्द निघतात, अशांसाठी ती बनली. वाक्य छोटं घ्यायचं, 'पाणी पाहिजे'. दोनच सूर, एक वरचा, एक खालचा. त्यांच्या डाव्या हाताने दर अक्षराला टेबलावर ठोका: पा-णी पा-हि-जे. आधी आपण गुणगुणायचं, मग दोघांनी मिळून, मग आपण अर्ध्यात थांबायचं, मग त्यांनी एकट्याने, आणि हळूहळू सूर कमी करत साध्या बोलण्यावर यायचं.

आरती किंवा भजन म्हणता येणं ही वेगळी गोष्ट आहे. जे वडील स्वतःचं नाव सांगू शकत नाहीत, ते 'बे एके बे, बे दुणे चार' दहापर्यंत सलग म्हणतात आणि घरचे आनंदाने रडतात. तो आनंद खरा आहे, आवाज मोकळा करायला त्याचा उपयोगही आहे. पण पाठ असलेलं म्हणणं आणि मनातलं सांगणं यांचे रस्ते वेगळे आहेत. रोज तासभर पाढे म्हणून 'डोकं दुखतंय' हे सांगता येणार नाही.

*ओघ आहे, पण अर्थ नाही, समजही कमी.* वेर्निके प्रकारात शब्द वदवून घेण्यापासून सुरू करू नका. आधी ऐकणं. लिहिलेला शब्द आणि चित्र जुळवणं, मग तोच शब्द ऐकून ओळखणं. आपण वाक्य छोटं करायचं, विषय बदलताना तसं सांगायचं ("आता औषधाचं बोलू"), समोर येऊन बोलायचं. ते थांबत नसतील तर हात वर करून हलकेच थांबवायचं. ओरडून काही उपयोग नाही, अडचण कानात नाही.

*ग्लोबल वाचाघात.* पहिलं उद्दिष्ट भरवशाचं 'हो-नाही'. ते मान हलवून, अंगठ्याने, किंवा कार्डावर बोट ठेवून, कसंही चालेल. त्याला फोटोंची साथ द्या: घरच्यांचे, खोल्यांचे, डॉक्टरांचे, नेहमीच्या पदार्थांचे. फोनमध्ये वेगळा अल्बम करून ठेवा. हातवारे आणि चित्रांची सवय लागली तर बोलणं येणारच नाही, ही भीती बाळगू नका. फक्त बोलूनच सांगायचं असा आग्रह धरणारी कन्स्ट्रेंट इंड्यूस्ड थेरपी २००१ मध्ये पुढे आली. नंतर ऑस्ट्रेलियात तिची तुलना हातवारे, चित्रं, लेखन यांची मदत घेणाऱ्या पद्धतीशी झाली, आणि हात मोकळे ठेवल्याने बोलण्याचं नुकसान झालेलं दिसलं नाही.

*ठरावीक प्रसंग निभवायचा असेल तर* स्क्रिप्ट ट्रेनिंग घ्या. मुलीचा फोन येतो, तेव्हा बोलायचं: "हॅलो. मी बरा आहे. तू कशी आहेस? पोरं काय म्हणतात? बरं, ठेवतो." ही वाक्यं त्यांच्याच बोलण्याच्या ढंगातली हवीत. एकेक वाक्य पक्कं करायचं, मग सलग, मग खऱ्या फोनवर. ॲप्रॅक्सिया असलेल्यांनाही याचा चांगला उपयोग होतो.

आणि प्रकार कोणताही असो, एक गोष्ट घरच्यांनी शिकायचीच: आधार देऊन संभाषण. टोरांटोच्या ऑरा केगन यांनी ही पद्धत रुजवली. कागद-पेन जवळ ठेवायचं. बोलता बोलता मुख्य शब्द ठळक लिहायचे: 'बँक? / दवाखाना? / दुसरं काही?' त्यांनी बोट ठेवलं की पडताळायचं, "म्हणजे दवाखान्याबद्दल, बरोबर?" आणि अधूनमधून म्हणायचं, "तुम्हाला काय सांगायचंय ते तुम्हाला माहीत आहे, मला कळतंय." हे वाक्य मी घरोघर शिकवते, कारण ते ऐकल्यावर चेहऱ्यावरचा ताण उतरतो.

किती वेळ, किती दिवस?

सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त असतो, म्हणून सुरुवात लांबवू नका. पण अगदी पहिल्या काही आठवड्यांत मारा केल्याने जास्त फायदा होतो, असं दिसलेलं नाही. माणूस थकलेला असतो, झोप वाढलेली असते. थोडं थोडं, पण रोज करा.

'वर्ष झालं, आता काही होणार नाही' हे मात्र खरं नाही. जर्मनीत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झटका येऊन सहा महिन्यांहून जास्त काळ लोटलेल्यांना तीन आठवडे, आठवड्याला किमान १० तास थेरपी दिली, आणि त्यांचं रोजचं बोलणं सुधारलं. जगभरच्या अभ्यासांची माहिती एकत्र करून २०२२ मध्ये जे चित्र आलं, त्यात एकूण २० ते ५० तासांची थेरपी आणि आठवड्यातून तीन ते पाच दिवस, अशांची सुधारणा सर्वांत चांगली दिसली. आपल्याकडे बहुतेकांना आठवड्याला एक-दोन बैठकाच परवडतात. उरलेलं घरी, थेरपिस्टने आखून दिलेलं, करावं लागतं. अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस धरले तर २० तास व्हायला आठ आठवडे लागतात. सकाळची वेळ ठेवा, टीव्ही बंद, समोर एकच माणूस.

भाषा कोणती? ज्या भाषेत घर बोलतं ती. घरी मराठी, दुकानात हिंदी, ऑफिसात इंग्रजी असं आयुष्य गेलेलं असेल तर तिन्ही भाषा तपासून घ्या. कधी एक भाषा दुसरीपेक्षा बरी उरलेली असते. मराठी शब्द अडला आणि हिंदी शब्द आला, तर तो स्वीकारा.

कोणाकडे जायचं?

थेरपिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी आहे का ते विचारा. यात संकोच नको. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि नायर रुग्णालयाचा वाचा-श्रवण विभाग, पुण्यात भारती विद्यापीठाचा विभाग, आणि मैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था ही या विषयाच्या शिक्षणाची ठिकाणं आहेत. तिथे शिकणारे विद्यार्थी देखरेखीखाली थेरपीही देतात. गाव लांब असेल तर व्हिडिओ कॉलवर थेरपी होऊ शकते, फक्त शेजारी घरचं कोणीतरी बसलेलं हवं.

पहिल्या भेटीत विचारा: अडचण नेमकी कुठे आहे? पुढच्या सहा आठवड्यांचं उद्दिष्ट काय? घरी काय करायचं? 'बोलणं सुधारेल' हे उद्दिष्ट नव्हे. 'भाजीवाल्याकडे तीन भाज्या स्वतः मागतील' हे उद्दिष्ट. तीन महिन्यांत पूर्ण बरं करून देतो, अशी हमी कोणी देत असेल तर तिथे पैसे भरू नका.

२०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात वाचाघातामुळे आलेलं कायमचं भाषिक अपंगत्व धरलेलं आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. उपचारांनंतरही अडचण राहिली तर अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, यांसाठी अर्ज करता येतो. तपासणीचे सगळे अहवाल जपून ठेवा.

चालतंय का, हे कसं कळणार?

सुरू करण्याआधी यादीतले २० शब्द घ्या. वेगवेगळ्या दिवशी तीनदा, काही न सुचवता, विचारून पाहा आणि वहीत लिहा. यातल्या १० शब्दांचाच सराव करा, बाकी १० तसेच ठेवा. दर दोन आठवड्यांनी वीसच्या वीस पुन्हा विचारा. सरावाचे शब्द वाढले आणि दुसरे तिथेच राहिले, तर थेरपी काम करते आहे. दोन्ही वाढले तर उत्तमच. नैसर्गिक सुधारणाही सोबत चालू आहे किंवा फायदा पसरतो आहे. सहा आठवडे नियमित सराव करूनही दोन्ही हलले नाहीत, तर ही वही थेरपिस्टसमोर ठेवा. पद्धत बदलायची, शब्द बदलायचे, की आधी उदासीनतेवर किंवा झोपेवर उपचार करायचे, हे त्या वहीवरून ठरवता येतं. झटक्यानंतर नैराश्य पुष्कळांना येतं, आणि ज्याला मनातलं सांगताच येत नाही, त्याचं नैराश्य घरातल्यांच्या लक्षात यायला उशीर होतो. जेवण कमी झालं, सरावाला बसायला नकार येऊ लागला, नातवंडं आली तरी चेहरा हलत नाही, असं दिसलं तर पुढच्या बैठकीची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा.